'मतांगीकार', 'केवळ शास्त्र' आणि तारण

विचारणा
प्रॉटेस्टंटांच्या 'सोला स्क्रिप्तुरा' या लॅटिन सूत्राचे मराठी 'केवळ शास्त्राने तारण' असे केलेले वाचले (शास्त्र म्हणजे बायबल, तारण म्हणजे पापापासून सुटका). तसे असेल तर चर्चमध्ये प्रेषितांचा आणि निकेयाचा मतांगीकार (श्रद्धेची ठरलेल्या शब्दांतली कबुली, इंग्रजीत 'क्रीड') कशासाठी म्हणतात? तारण नेमके कशावर अवलंबून आहे? 'मतांगीकार' शब्दाची फोडही हवी आहे.

उत्तर
त्या भाषांतरात क्रियापद चुकले आहे. सोला ग्रात्सिया (केवळ कृपेने), सोला फिदे (केवळ विश्वासाने) आणि सोला स्क्रिप्तुरा हे तिन्ही शब्दप्रयोग मराठीत तृतीयेने सांगावे लागतात, आणि तिन्हींत क्रियापद अध्याहृत आहे. 'कृपेने' आणि 'विश्वासाने' यांच्यापुढे 'तारण होते' बसते. इफिसकरांस पत्र २:८ हेच सांगते. 'शास्त्राने' या शब्दापुढे मात्र 'पारखावे' हे क्रियापद हवे. कोणती शिकवण खरी, हे शास्त्रावरून ठरवायचे. तारणारा ख्रिस्त आहे, ग्रंथ नव्हे. यावर प्रॉटेस्टंट आणि कॅथोलिक यांचे भांडण नाही. म्हणून 'केवळ शास्त्राच्या आधारे' हे भाषांतर बरे.

मतांगीकार म्हणजे मत + अंगीकार. यातले मत 'शैवमत', 'बौद्धमत' यांतले, 'माझ्या मते' मधले नव्हे. त्यासाठीचा लॅटिन शब्द 'क्रेदो' हे मुळात क्रियापद आहे, 'मी विश्वास ठेवतो'. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेतले 'हांव सत्मानतां' त्याच्या अधिक जवळ जाते.

पुरवणी
ल्यूथरपंथीयांनी १५७७ मध्ये केलेली विभागणी मराठीत फार नेमकी उतरते: शास्त्र हे 'प्रमाण', म्हणजे पारखण्याचे माप; मतांगीकार 'प्रमाणित', म्हणजे त्या मापाने पारखलेला. अँग्लिकन (इंग्लंडच्या) चर्चच्या ३९ कलमांतही तेच आहे. सहावे कलम म्हणते, तारणासाठी आवश्यक ते सर्व शास्त्रात आहे. आठवे म्हणते, तिन्ही मतांगीकार (प्रेषितांचा, निकेयाचा आणि अथानासियाच्या नावाचा) स्वीकारावेत, कारण ते शास्त्रावरून सिद्ध करता येतात. यातला 'कारण' हा शब्द महत्त्वाचा: मतांगीकाराचा अधिकार शास्त्रावरून येतो. कॅथोलिक भूमिका वेगळी आहे: त्यांच्या त्रेंतच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी शास्त्र आणि प्रेषितांकडून आलेली परंपरा यांना सारखाच आदर दिला.

शंका
निकेयाच्या मतांगीकारात ख्रिस्ताबद्दल आलेला 'पित्याशी एकतत्त्व' हा शब्द बायबलमध्ये कुठेच नाही. मग तो शास्त्रावरून सिद्ध कसा?

उत्तर
शब्द नाही हे खरे, पण तो का लागला ते पाहा. पुत्र (ख्रिस्त) हा पित्याने निर्माण केलेला आहे असे शिकवणारा आरियसही शास्त्रवचनेच पुढे करीत होता. नीतिसूत्रे ८:२२, योहान १४:२८ ही त्याच्या पक्षाची आवडती वचने. पुत्राला 'देवापासून' म्हटले तर तेही त्या पक्षाला मान्य, कारण सर्वच काही देवापासून आहे! वचनांचा शब्द दोघांचाही, अर्थ मात्र उलट. म्हणून ३२५ मध्ये निकेयात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने असा शब्द निवडला की जो आरियसच्या पक्षाला आपल्या अर्थाने घेता येणार नाही. 'बायबलखेरीज मतांगीकार नको' म्हणणाऱ्यांनी या अडचणीचे उत्तर द्यायला हवे. शिवाय शास्त्रातच छोटे अंगीकार आहेत: रोमकरांस १०:९, १ करिंथकरांस १५:३-५, १ योहान ४:२. त्यातल्या रोम १०:९ मध्ये तर मुखाने कबूल करणे आणि तारण होणे एकाच वाक्यात येते.

आणखी एक मुद्दा
खरा पेच तिसऱ्या, अथानासियाच्या नावाच्या मतांगीकाराचा आहे. (तो लॅटिनमध्ये रचलेला आहे आणि अथानासियाचा नाही.) त्याची सुरुवातच अशी की ज्याला तारण हवे त्याने ही धर्मश्रद्धा धरलीच पाहिजे, नाहीतर नाश. १६६२ च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात तो वर्षातले १३ दिवस म्हणायचा होता. अमेरिकन एपिस्कोपल चर्चने १७८९ मध्ये तो वगळला. पंडिता रमाबाईंचा वाद नेमका इथलाच. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी तिथल्या अँग्लिकन जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणीवर वाद घातला, आणि जे शास्त्रात दिसत नाही ते केवळ चर्च सांगते म्हणून मानायला त्या तयार नव्हत्या. 'केवळ शास्त्राच्या आधारे' म्हणजे काय, हे मराठी वाचकाला त्या पत्रव्यवहाराइतके स्पष्ट क्वचितच दुसरीकडे सापडेल.

वापराबद्दल
मतांगीकार पारखताना एकेक वाक्य सुटे करून त्याचे वचन शोधावे. प्रेषितांच्या मतांगीकारात ख्रिस्त मरणानंतर खाली 'उतरला' या वाक्याशी बहुतेक अडखळतात, आणि दोष भाषांतराचा असतो. 'नरकात' लिहिले की ख्रिस्त शिक्षेच्या जागी गेला असा अर्थ होतो. मूळ शब्दाचा रोख मृतांच्या लोकाकडे आहे, म्हणून 'अधोलोकात' लिहावे आणि प्रेषितांची कृत्ये २:२७ सोबत वाचावे.

दुसरी जागा 'मंडळी'ची. लॅटिन पाठात पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्याआधी 'इन' ('-वर' या अर्थाचा शब्द) येते, मंडळीच्या (चर्चच्या) आधी येत नाही. मराठीत मात्र आपण दोन्हीकडे 'वर' लावतो, 'मंडळीवर विश्वास ठेवतो', आणि मंडळी देवाच्या रांगेत जाऊन बसते. 'पवित्र सार्वत्रिक मंडळी आहे असे मी मानतो' हे वाक्य लांब असले तरी तेच घ्यावे.