मदत हवी आहे: उरलेल्या भाजलेल्या कोंबडीचं पोटभरीचं सूप

नमस्कार मंडळी. मी म्हापशाची. काल घरी पाहुणे होते. एक काफ्रेआल (हिरव्या मसाल्यातलं गोव्याचं चिकन) केलं आणि दोन अख्ख्या कोंबड्या मीठ, मिरी, लसूण, लिंबू लावून ओव्हनमध्ये भाजल्या. सगळे काफ्रेआलवर तुटून पडले आणि एक भाजलेली कोंबडी जवळजवळ तशीच उरली. पानं उचलताच ती फ्रीजमध्ये टाकलीय. काफ्रेआलचे दोन-तीन तुकडेही आहेत, मसाल्यासकट.

सासूबाई म्हणतात, वाटण लाव आणि रस्सा कर. पण घरात निम्मी माणसं सर्दीने बेजार आहेत, त्यामुळे मला सूप करायचंय. रात्रीचं जेवण त्यावरच भागेल असं. कॉर्नफ्लॉवरची खळ नको. भाजलेल्या हाडांत काही कस उरलेला असतो का? मांस हाडांसोबतच उकळायचं का? काफ्रेआल त्यातच ढकललं तर? आणि उकडे तांदूळ घालून कांजा, म्हणजे तांदूळ घातलेलं चिकन सूप, होईल का?

प्रतिसाद:
कस हाडांतच असतो, आणि भाजल्यामुळे चव उलट खुलते. मांस मात्र आधी हाताने सोडवून बाजूला ठेवा. ते एकदा शिजलंय, पुन्हा तासभर उकळलंत तर दोऱ्यासारखं होईल. हाडं मोडून कुकरमध्ये घाला, वर दोन बोटं पाणी, एक कांदा, गाजर, आल्याचा तुकडा, दहाबारा मिरे. शिटी झाली की मंद आचेवर ४० मिनिटं. पातेल्यात करणार असाल तर दोन तास, पण खदखदू देऊ नका, चरबी पाण्यात घुसळली जाऊन सूप गढूळ होतं. गाळून गार केल्यावर थलथलीत जमलं तर हाडांनी काम केलं म्हणायचं. पातळच राहिलं तर पुढच्या खेपेला चिकनवाल्याकडून कोंबडीचे पाय मागून घ्या. ब्रॉयलरच्या सूपाला अंगाने दाटपणा येतो तो त्यांनीच. मीठ अगदी शेवटी, कोंबडीला आधीच लागलेलं आहे.

प्रतिसाद:
काफ्रेआल नको हो त्यात! कोथिंबीर, हिरवी मिरची, आंबटपणा, सगळं उतरून सूप शेवाळी दिसेल आणि सर्दीवाल्यांचा घसा जाळेल. पोदेराकडचा पाव आणा आणि त्यात भरून खा.

प्रतिसाद:
वरच्यांशी असहमत. कांजात नको हे खरं, पण वेगळं सूप झकास होतं. बटाटा आणि कांदा हाडांच्या याच पाण्यात शिजवून घोटा, बारीक चिरलेला पालक टाका, काफ्रेआलचे तुकडे मसाल्यासकट वरून. काल्दो व्हेर्दचा (पोर्तुगीजांचं बटाटा-पालेभाजीचं सूप) लांबचा भाऊ समजा. पोर्तुगीज आजी नाक मुरडेल, पण वाडगा रिकामा करेल.

प्रतिसाद:
एक काळजीचं. शिजलेलं चिकन दोन तासांत फ्रीजमध्ये गेलं तर ३-४ दिवस चालतं. ते तुम्ही केलंयत. सूपही गाळल्यावर रात्रभर ओट्यावर ठेवू नका, पसरट भांड्यात लवकर निववून आत टाका. लागेल तेवढंच काढा आणि चांगली उकळी आणा. वीज गेली तर फ्रीज उघडझाक करू नका, बंद फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो.

मूळ लेखिका:
सगळ्यांचे आभार! हाडं कुकरमध्ये चढवलीत, सासूबाई वाटणासाठी नारळ फोडायच्या आत. काफ्रेआलचा निकाल मुलांनीच लावला, पावात. आता फक्त तांदळाचं सांगा: कच्चे घालू की शिजवून?

प्रतिसाद:
आज सगळं संपणार असेल तर मूठभर कच्चेच घाला आणि मऊ होऊन फुटेपर्यंत शिजवा, दाटपणा त्यानेच येतो. उद्याला उरणार असेल तर भात वेगळा शिजवून वाडग्यात घाला, नाहीतर रात्रभरात सगळं पाणी पिऊन त्याची खिचडी होते. सोडवलेलं मांस शेवटी घालून एक उकळी आणा. गॅस बंद करून लिंबू पिळा.