दोघा-चौघांच्या मुक्तस्रोत प्रकल्पाला लेखी नियम हवेत का?

नीरक्षीर
माझं मत सरळ आहे. स्वयंसेवकांनी चालवलेला मुक्तस्रोत (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचा) प्रकल्प कितीही छोटा असो, शेवटचा शब्द कुणाचा, रिलीज (नवी आवृत्ती) कोण काढणार आणि मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) बाजूला झाला तर चाव्या कुणाकडे जाणार, एवढं लिहून ठेवलंच पाहिजे. भांडण पेटल्यावर नियम करायला बसलं की प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरोधात केल्यासारखा दिसतो.

'एक्सझेड' बघा. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या बहुतेक वितरणांत (तयार संचांत) असलेली ही कॉम्प्रेशनची, म्हणजे फायली आकसून लहान करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात असा तयार कोड) वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. २०२२ मध्ये अनोळखी नावांनी त्याच्यामागे तगादा लागला: पॅच (सुचवलेल्या दुरुस्त्या) पडून आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याला द्या. तो थकला होता, त्याने तसं लिहिलंही. मदतीला आलेल्याच्या हाती रिलीज गेली आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून चोरदरवाजा (गुपचूप आत शिरायची वाट) बाहेर पडला. एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षित शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं, म्हणून तो सापडला.

कोडकरी
अजिबात पटलं नाही. तुमच्याच उदाहरणावरून उलट दिसतं. त्या 'मदतनीसा'ने दोन वर्षं नेमाने पॅच पाठवले होते. निवडणुकीचे नियम असते तरी तोच निवडून आला असता! तिथे वानवा होती ती माणसांची.

मी स्वतः एक छोटी लायब्ररी सांभाळतो. रविवारी दोन तास मिळतात. त्यात पुल रिक्वेस्ट (इतरांनी पाठवलेले बदल) वाचू की सनद लिहीत बसू? जो काम करतो त्याने ठरवावं. ज्याला पटत नाही त्याने फोर्क करावा (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढावा), परवाना त्यासाठीच तर मोकळा ठेवलाय.

नीरक्षीर
निवडणूक हा शब्द मी काढलाच नाही. चोरदरवाजा जागा करणारी 'बिल्ड-टू-होस्ट.एम४' ही फाइल त्या रूपात गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) नव्हती, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायला बनवलेल्या एकत्र गठ्ठ्यात) होती. टारबॉल बनवणारा आणि त्यावर सही करणारा एकच. 'टारबॉल गिटमधून यंत्रच बनवेल, हाताने कुणी बनवणार नाही' ही एक ओळ लिहून पाळली तर तुमचा रविवार वाया जात नाही.

कोडकरी
ऑटोटूल्सवर (कोडमधून चालतं सॉफ्टवेअर बनवायला, म्हणजे बिल्डला, मदत करणाऱ्या साधनांवर) चालणाऱ्या प्रकल्पांत टारबॉलमध्ये जास्तीच्या फायली असणं नेहमीचंच आहे, म्हणून तर कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. पण ठीक, ही ओळ कामाची आहे. मात्र हा बिल्डचा नियम झाला. सत्ता कुणाकडे, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

पायवाट
तो प्रश्न टाळला की काय होतं ते पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात दिसलं. पेप ५७२ या भाषा-बदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये पायथनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. वारस नेमला नाही, पुढचं कोअर डेव्हलपरांवर (मुख्य विकासकांवर) सोपवलं. मग निर्णय कसे घ्यायचे हे ठरवण्यातच महिने गेले, त्यावर सात प्रस्ताव आले. डिसेंबरमध्ये मतदान होऊन पाच जणांच्या सुकाणू समितीचा पर्याय निवडला गेला आणि २०१९ च्या सुरुवातीला पहिली समिती आली.

त्यांच्या नियमांतली एक अट मला सगळ्यांत मोलाची वाटते: एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य समितीत नकोत. कोडकरी, 'जो काम करतो त्याने ठरवावं' म्हणता तेव्हा पगार घेऊन दिवसभर काम करणाऱ्यापुढे तुमच्या दोन तासांचं काय होणार? नियम नसले तर प्रकल्प आपसूक कंपनीकडे जातो. त्यासाठी कुणी वाईट असावं लागत नाही.

रात्रपाळी
मी कोडकरींच्या बाजूने. डेबियन या लिनक्स वितरणाकडे १९९८ पासून लेखी घटना आहे, दरवर्षी प्रकल्पप्रमुखाची निवडणूक होते. तरी २०१४ मध्ये सिस्टमडीचा (संगणक सुरू होताना सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) वाद तांत्रिक समितीत बरोबरीत अडकला आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सुटला. तेवढ्याने भागलं नाही. नोव्हेंबरमध्ये सगळ्या सदस्यांचं मतदान झालं, निकाल आला की ठरावाची गरजच नाही. तोवर काही जुनीजाणती माणसं पदं सोडून गेली होती, काहींनी देवुआन हा फोर्क काढला. हजारेक सदस्यांचा प्रकल्प हे सोसतो. चौघांच्या प्रकल्पातून एक रुसून गेला तर काम ठप्प होतं.

पायवाट
चौघांना घटना लागत नाही, मान्य. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेची रीत उचलावी: बदल मांडायचा, ७२ तास थांबायचं, कुणी हरकत घेतली नाही तर पुढे जायचं. कोडवर उणे एक (म्हणजे नकाराचं) मत द्यायचं तर तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नाहीतर ते मत धरत नाहीत. नव्या माणसाला निदान आपलं का नाकारलं हे कळतं. कारण न कळताच पुल रिक्वेस्ट बंद झाली की माणूस पुन्हा फिरकत नाही, आणि मग आपणच म्हणतो की माणसं मिळत नाहीत.

कोडकरी
हे करून बघेन. पॅकेज जिथून वाटलं जातं त्या खात्याला दुसरा मालकही जोडून ठेवतो, उद्या मला काही झालं तर प्रकल्प अडायला नको.

रात्रपाळी
थांबा. एक्सझेडमध्ये हेच तर झालं, थकलेल्या माणसाने दुसरा जोडला. मर्जचा (बदल मुख्य कोडमध्ये सामील करायचा) अधिकार खुशाल द्या, पण रिलीजचा त्याच्यासोबत देऊ नका. ज्याने कोड मर्ज केला त्याने ती रिलीज काढायची नाही. हे मात्र लिहून ठेवा, मीसुद्धा लिहूनच ठेवा म्हणेन.