राजवाड्यांनी संतांवर अन्याय केला का?

कऱ्हाकाठ: इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांमधली दप्तरं जमवली, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले. त्या कष्टांपुढे मी डोकं टेकवतो. पण त्यांचा एक निकाल मला आजही बोचतो. ते म्हणतात: वारकरी पंथानं लोकांना 'सहिष्णू', म्हणजे सोसणारं केलं. स्वराज्य आलं ते रामदासांच्या 'जयिष्णू', म्हणजे जिंकू पाहणाऱ्या, महाराष्ट्र धर्मातून. न्या. रानडे १९००च्या पुस्तकात उलट म्हणाले होते: युरोपातल्या धर्मसुधारणेसारखं संतांनी जातीजातींना जवळ आणलं, त्यातून स्वराज्याची जमीन तयार झाली. शिंपी नामदेव, कुंभार गोरोबा, माळी सावता, चोखोबा, सगळ्यांचा विठोबा एकच. मला रानडेच पटतात.

तापीतीर: मला नाही पटत. ज्ञानेश्वरी १२९०ची, आणि १२९६ला अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला. पुढे साडेतीनशे वर्षं अभंग होतेच की, राज्य कुठं उभं राहिलं? चोखोबांची समाधी तर आजही महाद्वारापाशी, देवळाबाहेर आहे. कुणी कुणाला जवळ आणलं? राजवाडे कडवट बोलले, पण प्रश्न खरा विचारला.

कऱ्हाकाठ: चोखोबांचं खरं आहे, ते मलाही टोचतं. पण हाच प्रश्न 'महाराष्ट्र धर्मा'ला लावा. १९२४ साली राजवाड्यांनीच महिकावतीची बखर छापली. तिच्यातल्या १४४८च्या मजकुरात हा शब्द आहे, आणि रामदासांचा जन्म १६०८चा! शब्द होता, राज्य नव्हतं. आपल्या मताला जड जाईल असा कागदही त्यांनी छापला, म्हणूनच त्यांच्याशी भांडताना आदर वाटतो.

रानवाट: तुम्ही दोघंही धर्मालाच धरून बसलात. १६३६ला निजामशाही बुडाली, मावळातल्या देशमुखांना वतनाची काळजी पडली, ते बघा. शिवाजी महाराजांचं १६७३चं चिपळूणच्या छावणीला गेलेलं पत्र वाचा. दाणावैरण पुरवून वापरा. रात्री दिवा ठेवू नका, उंदीर जळती वात नेईल आणि गवत पेटेल. राज्य अशा हिशेबावर चालतं.

तापीतीर: चालतं, कबूल. पण माणूस जीव द्यायला कशासाठी तयार होतो, ते वैरणीच्या हिशेबात सापडत नाही.

कऱ्हाकाठ: त्याच पत्रात पुढं वाचा. कुणब्याच्या घरची भाकर, गवत, भाजी उचललीत तर मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट, असा तळतळाट होईल, असं महाराज बजावतात. कुणब्याचा तळतळाट राजाला लागतो, हे ज्याला कळतं त्याच्या कानावर अभंग पडले असणार, असं मला मनापासून वाटतं. थेट कागद दाखवा म्हणाल, तर तो माझ्याकडे नाही.