आजीच्या पंचाहत्तरीला 'डॉन' थीमचे फोटो काढायचेत, काकांचा विरोध आहे

वाईची_नात

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या आजीची पंचाहत्तरी. घरात तिला सगळे 'डॉन' म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, शेताचा हिशोब तोंडपाठ, सोयरीक कुठे जुळवायची यावर शेवटचा शब्द तिचा. चुलतभावाच्या लग्नात फोटोग्राफरने एका चिमुरड्याला काळा गॉगल लावून राजेशाही खुर्चीत बसवलं होतं. ते बघून आजी म्हणाली, "माजा बी काढा की असा एक." तेव्हापासून आम्ही नातवंडं या बेताच्या मागे लागलोय.

वाड्याच्या सोप्यात सागवानी खुर्ची, तिच्यात आजी. हिरवी इरकल नऊवारी, खांद्यावर आजोबांचा काळा कोट नुसता टाकलेला, डोळ्यांना गॉगल. मागे आम्ही सात जण काळ्या कपड्यांत, हात बांधून उभे. कॅमेरा माझा, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे आतला सेन्सर जरा लहान. 50 मिमीची लेन्स, कॅमेऱ्यासोबत आलेली झूमची किट लेन्स आणि एक फ्लॅश आहे.

मोठे काका मात्र नाराज आहेत. "गुंडांची सोंगं काढायची आणि वर ती भिंतीवर टांगायची?" असं म्हणाले. ते बरीच वर्षं मुंबईत नोकरीला होते, त्यामुळे त्यांचं बोलणं मी उडवून लावू शकत नाही. त्यात भाऊ कुणाकडून तरी तलवार आणायची म्हणतोय. या फोटोंत वाईट काही नाही असं मला ठामपणे वाटतं, पण का नाही, हे काकांना सांगायला शब्द सापडत नाहीत. आणि फोटो नेमके कसे काढू, तेही सांगा.

जुना_लेन्सवाला

ताई, आमचा स्टुडिओ कराडला होता. भिंतीवर ताजमहालाचा पडदा, कोपऱ्यात वायर तुटलेला काळा टेलिफोन आणि खिळ्याला दोन गॉगल टांगलेले. गावोगावची पोरं बाजाराच्या दिवशी यायची. केसांना पाणी लावायची, कॉलर वर करायची, गॉगल चढवायची आणि एक हात खिशात घालून म्हणायची, "काका, डॉनसारखा काढा." दिवसभर मालकापुढे, मास्तरांपुढे, घरी बापापुढे मान खाली घालणारी ती पोरं. शटर उघडून मिटेपर्यंत कुणालाही न घाबरणारा माणूस व्हायची. फोटो हातात आला की तो चार-चारदा बघायची, मग पाकिटात नीट ठेवून एसटी पकडायची. त्यांतली बरीच मला पुढेही भेटत राहिली. कुणी दूध संघात लागला, कुणी सलूनची गादी चालवतो, एक जण शाळेत शिपाई आहे. त्या पोरांना गुन्हा करायचा नव्हता. त्यांना ताठ मान हवी होती, आणि ती पडद्यावर त्यांना डॉनकडेच दिसली होती.

तुमच्या आजींचं थोडं वेगळं आहे. घरात त्यांचा शब्द चालतोच. पण फोटोत बायकांना कायम कडेला बसवलं गेलं, मांडीवर बाळ देऊन. आमच्या स्टुडिओतही तेच चालायचं. पंचाहत्तराव्या वर्षी खुर्चीच्या मधोमध बसून कॅमेऱ्याकडे रोखून बघायचं त्यांना सुचलं, याचा मला फार आनंद झाला.

आता तलवारीचं. बॉनी पार्करचा फोटो तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेत बॉनी आणि क्लाइड बॅरो यांची टोळी 1933 च्या एप्रिलमध्ये मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन गावी लपली होती. 13 तारखेला पोलिसांनी छापा घातला, गोळीबारात दोन पोलीस मेले आणि टोळी सामान टाकून पळाली. त्या सामानात न धुतलेले फिल्मचे रोल होते. स्थानिक वृत्तपत्राच्या डार्करूममध्ये ते धुतले, तर आत सहलीला काढावेत तसे थट्टेचे फोटो! एकात बॉनीने क्लाइडवर लटकीच बंदूक रोखलीय. दुसऱ्यात तिचा पाय मोटारीच्या बंपरवर, कमरेजवळ पिस्तूल आणि दातांत सिगार. हा फोटो देशभर छापला गेला आणि ती 'सिगार ओढणारी बाई' म्हणून गाजली. ओढायची ती सिगारेट. पुढे ओलीस धरलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याला सोडताना, मी सिगार ओढत नाही हे लोकांना सांगा, असा निरोप तिने दिला. 23 मे 1934 ला लुइझियानात दोघं पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. ती 23 वर्षांची, तो 25 चा.

मी तो फोटो अनेकदा निरखलाय. तिचं उभं राहणं, हनुवटी, बंपरवरचा पाय यांत खरी मजा आहे. पण त्यातलं पिस्तूल खरं आहे आणि ती माणसं खरोखर खून करून आलेली आहेत, हे आठवलं की हसू थांबतं. तुमच्या फोटोत हत्यार आलं की बघणाऱ्याची नजर त्यावरच खिळेल आणि आजी मागे पडतील. त्यापेक्षा त्यांच्या मांडीवर अडकित्ता आणि पानाचा डबा ठेवा. किल्ल्यांचा जुडगा कमरेचा काढून हातात द्या. सत्ता कुणाची, हे किल्ल्या सांगतात.

प्रकाशाबद्दल. माफियावरच्या 1972 च्या 'द गॉडफादर' सिनेमात छायाचित्रणकार गॉर्डन विलिस याने मुख्य पात्रावर डोक्यावरून प्रकाश टाकला, म्हणून डोळ्यांच्या खोबणी अंधारात गेल्या आणि माणूस गूढ झाला. न्यूयॉर्कला 'विजी' या टोपणनावाचा आर्थर फेलिग पोलिसांचा रेडिओ मोटारीत ठेवून रात्रभर हिंडायचा आणि समोरून झगझगीत फ्लॅश मारायचा. गुन्हेगारी फोटोंचा तो दुसरा चेहरा. तुम्हाला दोन्ही नकोत. वरच्या प्रकाशात आजींचे डोळे जातील, समोरच्या फ्लॅशमध्ये सुरकुत्या सपाट होतील. वाड्याचा चौक आहे ना? दुपारी चारच्या सुमारास त्याचा उजेड एका बाजूने सोप्यात येईल, खुर्ची त्याला थोडी तिरकी लावा. दुसऱ्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर, काळी घोंगडी टांगा म्हणजे गालाची ती बाजू खोल जाईल. काळे कपडे जास्त असले की कॅमेरा फसतो आणि फोटो फिका काढतो, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मं ठेवा.

कॅमेरा आजींच्या गुडघ्याच्या उंचीवर. एकटीचा फोटो 50 ने. सगळ्यांचा किट लेन्स 28 मिमीच्या आसपास ठेवून, दहा-बारा फुटांवरून, एफ 8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून. नातवंडं पाऊलभर मागे, कमी उजेडात. धूर हवा असेल तर सिगार-बिगार नको. धुपाटण्यात ऊद टाकून ते खुर्चीच्या बरंच मागे ठेवा आणि फ्लॅश खुर्चीआड लपवून धुरावर मारा. धूर दोन मिनिटंच, या वयात ठसका लागायला नको.

आणि त्यांना "रागीट बघा" म्हणू नका. विचारा, "यंदा हळदीला भाव किती मिळाला?" जो चेहरा होईल तो टिपा.

लालबागकर

मला काकांच्या बाजूने बोलायचंय.

मी गिरणगावात वाढलो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, मग गिरण्या उठल्याच नाहीत. चाळीतली कामाची पोरं रिकामी झाली आणि त्यांतली काही टोळ्यांत गेली. आमच्या मजल्यावरचा एक उत्तम कबड्डी खेळायचा. तो गेला, त्यानंतर त्याच्या आईने दिवाळीत कंदील लावला नाही. नव्वदीत दुकानदार फोनची घंटा वाजली की खंडणीच्या धाकाने दचकायचे. 1997 च्या ऑगस्टमध्ये अंधेरीत कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमार यांना भर दिवसा मंदिराबाहेर मारलं. हे सगळं आम्ही रोज पेपरात वाचत होतो आणि कधी गल्लीत बघत होतो. काका त्या काळात मुंबईत असतील तर 'डॉन' म्हटल्यावर त्यांना गॉगल आठवत नाही.

तरी आजींचा फोटो जरूर काढा, असंच मी म्हणेन. फक्त कुठल्याही खऱ्या टोळीवाल्याचं नाव, त्याची लकब, त्याचा संवाद त्यात नको. तस्कर हाजी मस्तानसारखे पांढरे कपडे घालून 'मस्तान लूक' करणारे मी पाहिलेत, मला ते बघवत नाही. सोंग कुणाचं, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. तुमच्या आजी स्वतःचंच सोंग घेणार असतील तर काकांनाही ते पटेल. त्यांच्याशी भांडू नका, तेव्हा काय पाहिलंत ते विचारा.

कोर्टाची_पायरी

तलवारीबद्दल स्पष्ट सांगते, वकिली करते म्हणून. तलवारीने केक कापल्याचे व्हिडिओ टाकणाऱ्यांवर आपल्याकडे शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हे नोंदले गेलेत. वाढदिवस होता, गंमत होती, हे सांगून सुटका होत नाही. पुण्यात कोयते घेऊन रील करणारी पोरं पकडली गेली, त्यांत कोवळी मुलंही होती. तुमच्या भावाला हे दाखवा. खेळण्यातलं पिस्तूलही रस्त्यावर, वाड्याच्या दारात काढू नका. लांबून बघणाऱ्याला ते खेळणं आहे हे कळत नाही.

वाईची_नात

सगळ्यांचे मनापासून आभार. लालबागकर, तुमचा प्रतिसाद मी काकांना वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलत होते, त्यांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याला खंडणीसाठी आलेल्या फोनबद्दल. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आता फोटोला त्यांची हरकत नाही. हत्यार नाही, 'भाई' वगैरे लिहायचं नाही, आणि आजीच्या उजव्या हाताला त्यांची जागा, एवढं ठरलं. तलवार रद्द.

काल चाचणी घेतली. गॉगलच्या काचेत चौक आणि मी, दोघंही दिसतोय. काय करू?

जुना_लेन्सवाला

गॉगलच्या काड्या कानांवरून किंचित उचला, केसांत राहू द्या. काचा खाली झुकतात आणि प्रतिबिंब जमिनीकडे जातं. तुम्ही स्वतः गडद कपडे घाला. काही फोटो गॉगल नाकावर घसरवून, वरून डोळे दाखवून घ्याच, छपाईला बहुधा तोच निवडाल. 12 बाय 18 इंचांत मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या कागदावर छापा. काका घोंगडीच्या बाजूला येत असतील तर ती त्यांच्याही पलीकडे सरकवा, नाहीतर ती फ्रेममध्ये येईल.