एवढा श्रीमंत चेरोकी, तरी त्याचा वाडा कसा गेला?

सहकारनगरकर:
मागच्या महिन्यात लेकीकडे अटलांटाला होतो तेव्हा तिने जॉर्जियातल्याच स्प्रिंग प्लेसचा व्हॅन हाऊस दाखवला, १८०४ चा विटांचा दुमजली वाडा, मालक चेरोकी, म्हणजे तिथल्या मूळच्या एका जमातीतला, जोसेफ व्हॅन. लोक त्याला 'रिच जो' म्हणायचे. शेती, गिरण्या, नदीवर फेरीबोट, सगळं होतं. चेरोकींना हाकललं हे माहीत होतं पण पैसेवाल्यालाही? काहीतरी देऊनघेऊन सुटता आलं नसतं का?

पेठेतला इतिहासवाला:
काका, उलट पैसा होता म्हणून तर डोळा होता. १८२९ च्या सुमारास त्या भागात सोनं सापडलं, १८३० ला राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने अशा मूळ जमातींना पश्चिमेला हटवण्याचा कायदा केला, १८३२ ला जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन चक्क लॉटरी काढून गोऱ्यांना वाटली. सुप्रीम कोर्टात त्याच वर्षी निकाल चेरोकींच्या बाजूने लागला, पण राज्याने जुमानला नाही. व्हॅनने गोरा मुकादम ठेवला होता, राज्याच्या नव्या कायद्यात तो गुन्हा, झालं, एवढं निमित्त पुरलं. १८३५ ला वाड्यावर हक्क सांगणारे दोन गोरेच आपसात भिडले, एकाला वरच्या मजल्यावरून हुसकायला जिन्यावर जळतं लाकूड टाकलं. आणि व्हॅन बायकामुलांसकट रस्त्यावर.

मावळातली:
वाचून पोटात कालवलं. माझ्या आजीचं गाव मुळशी धरणात गेलं, ती शेवटपर्यंत उंबऱ्याबद्दलच बोलायची, पैशाबद्दल कधीच नाही.

कोथरूडची अनघा:
ताई, आजीचं दुःख खरंच आहे पण व्हॅनला त्यांच्या रांगेत नका बसवू. १८३५ च्या गणतीत त्याच्याकडे शंभरावर काळे गुलाम होते. तो त्यांना घेऊन पश्चिमेला, आजच्या ओक्लाहोमातल्या वेबर्स फॉल्सला गेला, परत मळा उभा केला, आणि १८४२ ला तिथलेच गुलाम मेक्सिकोकडे पळाले, चेरोकींच्याच तुकडीने त्यांना पकडून आणलं. १८४४ ला ओहायो नदीत त्याच्या ल्युसी वॉकर बोटीचा बॉयलर फुटला, त्यात तो गेला. खरे हाल साध्या चेरोकींचे १८३८-३९ ला झाले, सुमारे १६ हजार माणसं हाकलली, बरीचशी पायी, त्यातली जवळपास ४ हजार मेली असं मानतात.

सहकारनगरकर:
अनघाताई, गुलामांचं मला ठाऊकच नव्हतं, बरं झालं सांगितलंत. त्या जिन्याचे चार फोटो काढलेत मी, खालून आधार नाही म्हणून सुतारकाम बघत उभा होतो. आता परत बघतोय.