मेमीला चारच वाक्यं

बी-६०३ (सांस्कृतिक समिती): काल गणपतीपुढे मुलांनी नानावटी खटल्यावर (१९५९ साली नौदलाचा कमांडर नानावटी याने बायको सिल्व्हियाचा प्रियकर आहुजा याला गोळ्या घातल्या, तो खटला) एकांकिका केली आणि शेवटी प्रेक्षकांनाच ज्यूरी केलं. बहुतेक हात 'निर्दोष'साठी वर गेले. त्यावरून रात्री खाली बाकांवर आवाज चढले. आता इथेच बोला, म्हणजे सगळ्यांना वाचता येईल.

ए-१०२ (आजोबा): मी हात वर केला होता आणि त्याची मला लाज वाटत नाही. १९५९ साली मी गिरगावात अकरा वर्षांचा पोरगा. वडील 'ब्लिट्झ' हे इंग्रजी साप्ताहिक आणायचे आणि चाळीतल्यांना मराठीतून समजावून सांगायचे. नौदलातला कमांडर, सतत बोटीवर, आणि घरात येणाजाणाऱ्या मित्रानेच घात केला. गोळ्या झाडून तो पळाला नाही, आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. असा माणूस आम्हाला खुनी वाटेचना.

सी-३०४ (ॲडव्होकेट): आजोबा, ज्यूरीतल्या नवांपैकी आठ जणांनाही तसंच वाटलं. पण न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे १९६० मध्ये जन्मठेप झाली, २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली.
कालच्या प्रयोगात २७ एप्रिलची ती दुपार पाच मिनिटांत उरकली, म्हणून पुन्हा सांगते. दीडच्या सुमारास घर सोडलं. बायको-मुलांना मेट्रो थिएटरला सिनेमाला सोडलं. मग बोटीवर जाऊन 'रात्री एकट्याने अहमदनगरला गाडी घेऊन जायचंय' असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. आधी आहुजाच्या ऑफिसात गेले, तो तिथे नव्हता म्हणून घरी. गोळ्या सुटल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटं झाली होती. कोर्ट म्हणालं, भानावर यायला एवढा वेळ पुरेसा होता. मलाही तसंच वाटतं.

बी-४०१ (वहिनी): वेळ गेला म्हणजे राग गेला का हो? आतल्या आत धुमसतोच की. तो आधी विचारायला गेला होता, सिल्व्हियाशी लग्न करशील का, मुलांना सांभाळशील का. त्यावर म्हणे उत्तर आलं, 'जिच्याशी झोपतो त्या प्रत्येकीशी लग्न करू का?' हे कोणत्या नवऱ्याला सहन होईल?

सी-३०४ (ॲडव्होकेट): वहिनी, धुमसतो हे कबूल. पण मग तो न्याय सगळ्यांना लावू या. इंग्लंडमध्ये किरणजित अहलुवालिया दहा वर्षं नवऱ्याचा मार खात होती. १९८९ साली एका रात्री तो झोपलेला असताना तिने आग लावली आणि तो मेला. ती थांबली, रागाच्या पहिल्या झटक्यात काही केलं नाही, हेच तिच्या विरोधात गेलं आणि जन्मठेप झाली. बायकांच्या संघटनांनी रान उठवलं तेव्हा १९९२ मध्ये खुनाचा ठपका पुसला गेला. तीन तास थांबलेल्या कमांडरसाठी मुंबईत सभा भरल्या. म्हणून मला राग येतो. आपली कणव गणवेश बघून जाते.

ए-२०५: आणि सिल्व्हिया? तिची प्रेमपत्रं भर कोर्टात वाचली गेली, तरी ती नवऱ्याच्या बाजूने साक्षीला उभी राहिली. काल बायकांच्या रांगेतूनच 'हिच्यामुळेच झालं' ऐकू आलं. गोळी तिने नव्हती झाडली.

बी-४०१ (वहिनी): ते मीच म्हटलं होतं. बोलायला नको होतं.

बी-५०२: मी काल मेमी केली. आहुजाची बहीण. ती त्याच घरात राहायची. आवाज ऐकून धावत आली तर भाऊ बाथरूममध्ये रक्तात पडलेला. मला चारच वाक्यं होती. मग 'झटापटीत गोळ्या सुटल्या' या नानावटीच्या बचावावर वकिलाने विचारलं, झटापट झाली तर कमरेचा टॉवेल सुटला कसा नाही, आणि सगळे हसले. मी तिथेच उभी होते. खरं तर खटल्यातला तो मोठा मुद्दा होता. घरी येऊन खूप रडले. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली, त्याआधी मेमीने लिहून दिलं होतं की आपली हरकत नाही. एवढं सगळं पाहिलेल्या बाईने ते लिहून दिलं, आणि आमच्या संहितेत ते नाहीच.

बी-६०३ (सांस्कृतिक समिती): चूक आमची. शनिवारी पुन्हा प्रयोग आहे. मेमीची साक्ष आणि ते लिहून देणं, दोन्ही आज रात्री बसवतो. साडेनऊला क्लब हाउसमध्ये या.

ए-१०२ (आजोबा): तेव्हा रस्त्यावर आहुजाच्या नावाने टॉवेल विकायचे. आम्ही पोरं ते गुंडाळून खेळायचो, एकाने आहुजा होऊन पडायचं. त्याला बहीण होती हे मला काल कळलं. कमांडरबद्दल मला आजही वाईट वाटतं, ते जाणार नाही. पण बेटा, शनिवारी मला पुढच्या रांगेत खुर्ची ठेव. मला मागून नीट ऐकू येत नाही.