रहाड, गर्दी आणि समाज

वर कुणीतरी 'समाज आणि संस्कृती ही एकाच गोष्टीची दोन नावं' असं लिहिलंय, ते पटलं नाही. जुन्या नाशकातली रहाड घ्या, म्हणजे रंगपंचमीला रंगाचं पाणी भरून लोक ज्यात उड्या मारतात तो जमिनीतला मोठा हौद. रंगपंचमीला पूजेचा मान कुणाचा, पाणी कोण भरतं, खड्डा उघडायला कोणती माणसं उतरतात, हे नात्यांचं जाळं म्हणजे समाज. तिवंधा चौकातल्या रहाडीचा रंग पिवळा, शनि चौकाचा गुलाबी, 'धप्पा' (रहाडीत घ्यायची उडी) मारायचा कसा आणि नंतर वर्षभर रहाड बुजवून का ठेवायची, ही शिकून आलेली रीत म्हणजे संस्कृती. मानववंशशास्त्रज्ञ टायलरने 1871 मध्ये संस्कृतीच्या व्याख्येत 'माणूस समाजाचा घटक म्हणून जे मिळवतो' यावरच भर दिला होता. रक्तातून येतं ते त्यात बसत नाही. सातपूरला वाढलेलं परप्रांतीय पोरही धप्पा मारायला शिकतंच की!

नेहमीची चूक म्हणजे गर्दीला समाज समजणं. नाशिकरोड स्टेशनवरची रांग हा समाज नव्हे, तिथे टिकाऊ नातं नसतं.

दोन्ही गुंतलेले कसे, ते 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या नाशिकच्या काळाराम मंदिर सत्याग्रहात, म्हणजे अस्पृश्य मानलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यात दिसतं. शिवाशिवीची कल्पना संस्कृतीतली; दार अडवण्याची ताकद कुणाच्या हाती, हा प्रश्न समाजरचनेचा.